चुकीचा पत्ता आमचा, कमाई कंपनीची

शिष्यवृत्तीच्या हंगामात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक मुलगी महाडीबीटीचा अर्ज भरायला बसली. पत्ता हाताने टाईप करताना तिच्याकडून एक अक्षर मागेपुढे झाले. अशा वेळी ब्राउझरने 'हे संकेतस्थळ सापडत नाही' एवढेच सांगायला हवे होते. तिने पत्ता पुन्हा तपासला असता आणि अर्ध्या मिनिटात योग्य जागी पोचली असती. परंतु तिच्या समोर आले एक रंगीत पान. वर शोधाची पेटी, खाली लिंकांची रांग. फॉर्म भरून देणारे, कर्ज देणारे, 'ॲडमिशन' मिळवून देणारे. कोपऱ्यात आमच्या इंटरनेट कंपनीचे बोधचिन्ह. कंपनीचेच पान आहे म्हणजे खरे असणार, असे समजून तिने पहिली लिंक दाबली आणि कुठल्याशा खाजगी फॉर्मवाल्याकडे आपले नाव, जात, मोबाईल नंबर भरला. आधार क्रमांकाच्या रकान्यावर आली तेव्हा शेजारी बसलेल्या आमच्या सहकाऱ्याचे लक्ष गेले म्हणून ती थांबली. पुढचे कितीतरी दिवस तिला कर्जाचे फोन येत होते.

आम्ही कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. तिकडून उत्तर आले, "सर, ती सुविधा आहे. नको असेल तर बंद करून घेता येते." कशी बंद करायची, ते त्या बिचाऱ्या पोरालाही ठाऊक नव्हते. त्याच्यावर आमचा राग नाही. तो आपल्यातलाच, बारा तासांच्या पाळीत बसलेला. आमचा आक्षेप त्या वाक्यावर आहे. नको असेल तर बंद करून घ्या! आम्ही चालू कधी केली होती?

आमच्यातल्या काही मित्रांना हा विषय फारच किरकोळ वाटतो. अट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, वसतिगृहे बंद पडताहेत आणि तुम्ही चुकीच्या वेब पत्त्याचे काय घेऊन बसलात, असे त्यांनी आम्हाला तोंडावर सांगितले. त्यांना आमचे म्हणणे असे की फी-माफी, वसतिगृह, शिष्यवृत्ती, जात पडताळणी, भरती परीक्षा, निकाल यातले आता काय ऑनलाइन नाही? ज्या दारातून आपल्या पोरापोरींना रोज जावे लागते, त्या दारावर उभा असलेला माणूस खरे बोलतो की खोटे, हे तपासणे किरकोळ कसे?

आधी हे घडते कसे ते नीट समजून घेऊ, कारण कळले नाही तर भांडता येत नाही. इंटरनेटवरची यंत्रे एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. आपण लिहितो ते नाव. नावावरून आकडा शोधून देणारी जी व्यवस्था आहे तिला डीएनएस म्हणतात. पॉल मोकापेट्रिस या अमेरिकी संशोधकाने ती १९८३ मध्ये आखली आणि १९८७ पासून तिचे नियम लिखित स्वरूपात जगभर मान्य आहेत. आपण पत्ता टाईप केला की आपले यंत्र इंटरनेट कंपनीच्या डीएनएस सर्व्हरला विचारते, या नावाचा आकडा काय? नाव अस्तित्वात असेल तर आकडा मिळतो. नसेल तर 'असे नाव नाही' हे उत्तर द्यायचे, असा नियमच आहे. त्या उत्तराला स्वतंत्र क्रमांकही आहे, ३. तांत्रिक भाषेत त्याला एनएक्सडोमेन म्हणतात.

कंपनी इथेच लबाडी करते. 'असे नाव नाही' हे उत्तर ती मध्येच दाबून ठेवते आणि त्याच्या जागी स्वतःच्या जाहिरातीच्या सर्व्हरचा आकडा देते. तुमच्या यंत्राला वाटते, नाव सापडले. पोस्टमनने 'या पत्त्यावर कोणी राहत नाही' असा शेरा मारून पत्र परत करायचे असते. त्याऐवजी तो ते पत्र आपल्या मेहुण्याच्या दुकानात नेऊन टाकतो आणि मेहुणा ते उघडून वाचतो, तसा हा प्रकार आहे.

हा धंदा आजचा नाही आणि आपल्याकडचाही नाही. डॉट कॉम आणि डॉट नेट या दोन्ही नावांचा मुख्य दप्तरखाना अमेरिकेतल्या व्हेरिसाइन कंपनीच्या हाती आहे. या कंपनीने १५ सप्टेंबर २००३ रोजी 'साइट फाइंडर' नावाची गोष्ट सुरू केली. जगात कुठेही, कोणीही डॉट कॉम किंवा डॉट नेटचा नसलेला पत्ता टाईप केला की तो थेट व्हेरिसाइनच्या पानावर. इथे तर ग्राहकाला 'नको' म्हणायची सोयसुद्धा नव्हती. त्याचा परिणाम नुसता ब्राउझरपुरता राहिला नाही. त्या काळी कचरा-मेल ओळखण्याची एक साधी युक्ती होती. पाठवणाऱ्याचे डोमेन खरोखर आहे का ते विचारायचे, नसेल तर मेल फेकून द्यायचा. आता प्रत्येक खोटे डोमेन 'आहे' असे उत्तर येऊ लागले आणि ती युक्ती एका रात्रीत निकामी झाली. पत्त्यात चूक झालेले ईमेलसुद्धा व्हेरिसाइनच्या यंत्राकडे जाऊ लागले.

तेव्हा जगभरच्या तंत्रज्ञांनी काय केले? काही दिवसांतच त्यांनी डीएनएसच्या सॉफ्टवेअरमध्ये हे खोटे उत्तर ओळखून पुन्हा 'असे नाव नाही' म्हणणारी दुरुस्ती करून वाटली. नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने बंद करण्याची ताकीद दिली आणि ४ ऑक्टोबर २००३ ला साइट फाइंडर बंद झाले. तीन आठवडेसुद्धा टिकले नाही. व्हेरिसाइनने पुढच्या वर्षी उलट आयकॅनवरच दावा लावला. पुढे नव्या डोमेन शेपट्यांचे करार झाले तेव्हा त्यात असे सरसकट वळवणे करता येणार नाही, हे कलमच घालण्यात आले.

पण माळ्याने दार लावले म्हणून कुंपण थोडेच बंद होते! दप्तरखान्याला बंदी झाली, मधल्या इंटरनेट कंपन्यांना कोणी विचारले नाही. २००६ मध्ये अमेरिकेत अर्थलिंकने हेच सुरू केले, मग व्हेरायझन, कॅनडात रॉजर्स, २००९ मध्ये कॉमकास्ट, जर्मनीत डॉइश टेलिकॉम. नावे तरी कशी ठेवली पाहा. कॉमकास्टने 'डोमेन हेल्पर' म्हटले, जर्मनीत 'दिशादर्शन मदत'. जुलूम करणाऱ्याने त्याला मदत म्हणायचे, हे आपल्याला काही नवीन नाही.

यात कंपनीचे काय चुकले, लोकांना मदतच तर होते, असा युक्तिवाद आमच्याच ओळखीच्या एका आयटीवाल्या मित्राने केला. म्हणे पांढरे कोरे पान दिसण्यापेक्षा चार पर्याय दिसलेले बरे. ठीक. मग मदत करायची तर ब्राउझर करतोच की! चुकीचा पत्ता टाकला तर आजचे ब्राउझर स्वतःहून 'तुम्हाला हे म्हणायचे होते का' असे विचारतात आणि ती सोय आपल्या यंत्रावर, आपल्या हातात असते. शिवाय कंपनीची मदत फक्त वेब पानाला कळते. ईमेल, कार्यालयाचे व्हीपीएन, इतर सगळी सॉफ्टवेअरे 'नाव नाही' हे खरे उत्तर ऐकून आपला पुढचा निर्णय घेतात. त्यांना जाहिरातीचे पान वाचता येत नाही. त्यांच्या दृष्टीने ही मदत म्हणजे निव्वळ खोटी साक्ष.

सुरक्षेचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. २००८ साली डॅन कामिन्स्की या सुरक्षा-संशोधकाने अर्थलिंकचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की खऱ्या, नामांकित संकेतस्थळाच्या नावापुढे नसलेला एखादा शब्द जोडला, तर तिथेही कंपनीचे जाहिरातीचे पान उघडते. म्हणजे नाव बँकेचे, पान जाहिरातवाल्याचे! ब्राउझर नावावर विश्वास ठेवतो. जाहिरातीचा सर्व्हर बेअरफ्रूट नावाची ब्रिटिश कंपनी चालवत होती आणि त्यात त्रुटी होती. त्या एका त्रुटीतून कोणालाही कुठल्याही मोठ्या संकेतस्थळाच्या नावाने बनावट पान दाखवता आले असते, लॉगिनच्या खुणा चोरता आल्या असत्या. त्रुटी लगेच बुजवली गेली. पण मुद्दा असा की बँकेने आपले कुलूप कितीही भक्कम केले तरी तिच्या नावाने दुसरे दार मधल्या कंपनीने उघडून ठेवले होते, आणि त्याचा पत्ता बँकेलाही नव्हता.

आता ज्या शब्दाने आम्हाला फोनवर गप्प करण्यात आले त्या शब्दाकडे येऊ. ऑप्ट-आउट. बंद करून घेण्याची सोय. या सोयीचे प्रकार पाहिले की हसावे की रडावे कळत नाही. व्हेरायझनने ग्राहकांना सांगितले, तुमच्या राउटरमधल्या डीएनएसच्या आकड्याचे शेवटचे १२ खोडून १४ करा. निदान हा नकार खरा होता, कारण १४ वाला सर्व्हर खरे उत्तर देत असे. पण कुठली गृहिणी, कुठला दुकानदार राउटरच्या पोटात शिरून आकडा खोडणार? दुसरा प्रकार कुकीचा. तुम्ही 'नको' वर टिचकी मारली की ब्राउझरमध्ये एक छोटी नोंद ठेवली जाते. ती नोंद पुसली, दुसरा ब्राउझर उघडला, घरातला दुसरा मोबाईल घेतला की तुमचा नकार संपला. आणि त्याहून वाईट म्हणजे कुकी असली तरी डीएनएसचे उत्तर खोटेच राहते. तुम्ही जाता त्यांच्याच सर्व्हरवर. तो कुकी पाहतो आणि जाहिरातीऐवजी 'पान सापडले नाही' असे दिसणारे एक नकली पान दाखवतो. म्हणजे नकार दिल्यावरही तुमची प्रत्येक चूक त्यांच्या दप्तरात जमा होतेच, फक्त तुम्हाला दिसत नाही!

संमतीचा अर्थ आम्हाला असा कळतो की आधी विचारायचे, समजावून सांगायचे आणि समोरचा 'हो' म्हणाला तरच पुढे जायचे. गप्प राहणे म्हणजे होकार, हा न्याय कोणाच्या सोयीचा असतो ते सांगायला नको. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्याने संमतीची व्याख्या करताना ती मोकळी, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि स्पष्ट होकारार्थी कृतीतून दिलेली असली पाहिजे असे म्हटले आहे. ऑप्ट-आउटमध्ये होकारार्थी कृती कोणती? कनेक्शन घेताना सही केलेल्या बारीक अक्षरांच्या कागदात कुठेतरी एक ओळ असेल, तर ती वाचून दाखवा. आमच्या चुकीच्या पत्त्यातून आम्ही कुठे जाऊ पाहत होतो हे कळते. कोणत्या दवाखान्याचे नाव, कोणत्या संघटनेचे, कोणत्या परीक्षेचे. ही माहिती माणसाशी जोडलेली आहे, कारण कनेक्शन आमच्या नावावर आहे.

नेट न्यूट्रॅलिटीच्या लढ्यात आपले अनेक तरुण होते. २०१५ मध्ये ट्रायकडे लाखो ईमेल गेले, ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळा दर लावण्यावर बंदी घातली आणि 'फ्री बेसिक्स'चा गाशा गुंडाळला गेला. जुलै २०१८ मध्ये दूरसंचार आयोगाने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वे मान्य केली. त्यात मजकुराला अडवणे, मंद करणे, झुकते माप देणे यांबरोबर 'हस्तक्षेप' हाही शब्द आहे. आमच्या मते चुकलेला पत्ता वळवणे हा हस्तक्षेपच आहे. पण कंपनीचा वकील म्हणेल, जिथे संकेतस्थळच नाही तिथे मजकूर कुठला आणि हस्तक्षेप कशात? ही पळवाट बुजवायची तर 'असे नाव नाही' हे उत्तरसुद्धा ग्राहकाला जसेच्या तसे पोचले पाहिजे, असे परवान्याच्या अटीत स्पष्ट लिहून घ्यावे लागेल. आमची मागणी तीच आहे. वळवायचेच असेल तर आधी विचारा. ऑप्ट-आउट नको, ऑप्ट-इन हवे.

हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. कॉमकास्टने जानेवारी २०१२ मध्ये आपले 'डोमेन हेल्पर' बंद केले. उपरती झाली म्हणून नव्हे. डीएनएसच्या उत्तरांवर सही-शिक्का मारणारी डीएनएससेक ही पद्धत त्यांनी पूर्ण लागू केली आणि सहीची उत्तरे व खोटी उत्तरे एका घरात नांदू शकत नाहीत. जर्मनीत तर एका सामान्य ग्राहकाने फौजदारी तक्रार दिली, डेटामध्ये बेकायदा फेरफार केला म्हणून. दहा वर्षे चाललेले दुकान डॉइश टेलिकॉमने २०१९ मध्ये बंद केले. एका ग्राहकाच्या तक्रारीने!

आणि या खोटेपणाची किंमत सगळ्या जगाने कशी मोजली त्याचे एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपली कंपनी खोटे बोलते का हे तपासायला गूगलचा क्रोम ब्राउझर सुरू होताना तीन वेडीवाकडी, कुठेच नसलेली नावे विचारत असे. तिन्हींना एकच आकडा आला की समजायचे, इथे वळवावळवी आहे. करोडो यंत्रांवरून ही नावे थेट इंटरनेटच्या मूळ सर्व्हरांपर्यंत जात. २०२० मध्ये हिशोब निघाला तेव्हा त्या मूळ सर्व्हरांकडे येणाऱ्या प्रश्नांपैकी जवळजवळ निम्मे प्रश्न यामुळेच होते असे दिसले. पुढे क्रोममध्ये बदल करून तो भार कमी केला गेला.

मग तोवर आपण काय करायचे? कंपनीची कुकी नको, सरळ डीएनएस बदलायचा. नवीन अँड्रॉइड मोबाईलमध्ये, म्हणजे अँड्रॉइड ९ पासून पुढे, सेटिंगमध्ये नेटवर्कच्या भागात 'प्रायव्हेट डीएनएस' असते. तिथे 'डीएनएस डॉट गूगल' किंवा 'डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट' इंग्रजी अक्षरांत लिहायचे. अभ्यासिकेच्या राउटरमध्ये जाऊन डीएनएसच्या दोन रकान्यांत ८.८.८.८ आणि ८.८.४.४ किंवा १.१.१.१ आणि १.०.०.१ भरले की त्या वायफायवरच्या सगळ्यांचा प्रश्न सुटतो. राउटरचा पासवर्ड केबलवाल्याकडे असेल तर तो मागून घ्या. पैसे आपण भरतो. मग मुद्दाम पंचवीस अक्षरांचा काहीतरी पत्ता टाकून पाहायचा. ब्राउझरचे स्वतःचे 'सापडत नाही' आले तर काम झाले. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपी टाकून पाहा, कारण एचटीटीपीएस असेल तर वळवलेल्या पानाला खरे प्रमाणपत्र दाखवता येत नाही आणि ब्राउझर नुसताच धोक्याचा इशारा देतो. आमच्या पोरांना तो इशारा म्हणजे व्हायरस वाटला होता.

डीएनएस बदलूनही रंगीत पान येत राहिले तर समजा की कंपनी दुसऱ्या सर्व्हरकडे निघालेला तुमचा प्रश्नही वाटेत पकडते. साधे डीएनएस उघड्या पोस्टकार्डासारखे असते. तेव्हा बंद पाकिटाचे डीएनएस लागते. मोबाईलचे 'प्रायव्हेट डीएनएस' ते करतेच. संगणकावर फायरफॉक्सच्या प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' चालू करायचे.

यात एक खोच आहे आणि ती लपवणे बरोबर नाही. स्थानिक कंपनीचे दप्तर सोडून आपण गूगल किंवा क्लाउडफ्लेअरच्या दप्तरात जातो. गूगलने ही सेवा ३ डिसेंबर २००९ ला सुरू केली तेव्हापासून चुकीचे पत्ते वळवत नाही हे खरे. परंतु जाहिरातीवरच जगणाऱ्या कंपनीला आपले सगळे प्रश्न कळावेत का, याचा विचार ज्याने त्याने करावा. ओपनडीएनएसची सेवा फुकट होती आणि तीही चुकीच्या पत्त्यांवर कित्येक वर्षे जाहिरातीच दाखवत होती, २०१४ पर्यंत. आम्ही अभ्यासिकेत क्वाड९ लावले आहे. ती ना-नफा संस्था आहे आणि घातक संकेतस्थळे अडवते. कधी कधी एखादे चांगले संकेतस्थळही तिच्या चाळणीत अडकते, हेही सांगून ठेवतो.

पण डीएनएस बदलणे हा घरगुती उपाय आहे. ज्याला राउटर उघडता येतो त्याची सुटका, बाकीच्यांची नाही, ही विषमता आम्हाला मान्य नाही. गावाकडे एकाच मोबाईलवर तीन भावंडांचे अर्ज भरणाऱ्या मायबापाला हे आकडे कोण सांगणार? म्हणून आम्ही कंपनीच्या तक्रार केंद्राला लेखी पत्र दिले आहे. फोनवर नाही, लेखी. तक्रार क्रमांक घेतला आहे. त्यात तीनच प्रश्न विचारले आहेत : आमच्या कनेक्शनवर ही सेवा कोणाच्या संमतीने चालू केली, चुकलेल्या पत्त्यांची नोंद किती दिवस ठेवता आणि ती कोणाला देता. उत्तर आले नाही किंवा टाळाटाळीचे आले तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जायचे, आणि त्यानंतर ग्राहक आयोग आहेच. तुमच्या अभ्यासिकेत, वसतिगृहात, बुद्धविहाराच्या वायफायवर असा पत्ता टाकून पाहा. रंगीत पान उघडले तर त्याचा स्क्रीनशॉट काढा, तारीख आणि वेळ लिहून ठेवा आणि हेच तीन प्रश्न तुमच्या कंपनीला लेखी विचारा.